विक्रयाचा अधिकार

कासार आंबोलीसारख्या मुळशीतील गावी कीर्तनात हरिश्चंद्राचे आख्यान लागले, की राजाच्या सत्यनिष्ठेने श्रोत्यांचे डोळे पाणावतात. परंतु वचनपूर्तीस्तव जी तारामती काशीत विक्रीस उभी राहिली, आणि मातेचा पदर न सोडणारा जो रोहिदास तिच्यामागोमाग विकला गेला, त्यांच्यावर राजाचा असा अधिकार होता काय, हा प्रश्न बुवाही करीत नाहीत आणि श्रोतेही करीत नाहीत. द्यूतसभेत द्रौपदीने तो केला, तेव्हा भीष्मासारखा धर्मज्ञही धर्माच्या सूक्ष्मतेचा हवाला देऊन निरुत्तर झाला.

हा प्रश्न पुराणांपुरता नाही. येथून जवळच असलेल्या पुण्यात पेशव्यांच्या अमदानीत कुणबिणींची खरेदी-विक्री राजरोस चाले. सरकारी कोठ्यांत, किल्ल्यांवर आणि सावकारांच्या वाड्यांत त्या राबत, आणि बदकर्माचा गुन्हा शाबीत झालेली स्त्रीही सरकारची बटीक होई. 16व्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने तेथील भरवस्तीतील माणसांच्या विक्रीचे वर्णन लिहून ठेवले आहे. बोली देहावर होई. आई, बहीण, लेकरू ही नाती बोलीत कोणी धरीत नसे, म्हणून तीच प्रथम तुटत.

नारदस्मृती दासांचे 15 प्रकार सांगते आणि धन्याने दासाच्या खांद्यावरील घट फोडून त्याला मुक्त करण्याचा विधीही सांगते. म्हणजे दास्य हा मनुष्याचा स्वभाव नव्हे, हे शास्त्राला ठाऊक होते, मात्र घट फोडण्याची मुखत्यारी त्याने बहुतांशी धन्याच्याच हाती ठेवली. काळच तसा होता, ही सबबही टिकत नाही. कारण कर्नाटकाच्या स्वारीत 1677 साली शिवाजी महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात गुलामांची खरेदी व वाहतूक मना केली होती.

1843च्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांतून गुलामावरील मालकी हक्काचा आधार काढून घेतला, आणि 1976च्या कायद्याने वेठबिगारीही रद्द झाली; तरीही वीटभट्टीची उचल घेऊन बायको-मुलांसह राबणाऱ्या कातकऱ्याचे कर्ज फिटले की नाही, हे आजही पुष्कळदा मालकाची वहीच ठरविते. आपल्या सत्याचे ऋण दुसऱ्याच्या देहाने फेडण्याचा अधिकार राजाला नव्हता, धन्याला नव्हता आणि मालकालाही नाही. जो धर्म हे स्पष्ट बोलत नाही, त्याने द्रौपदीला अद्याप उत्तर दिलेले नाही.