बंबाचे घर कुणाचे?

सुरक्षितता ही पगार देऊन दुसऱ्याकडे सोपवून देण्याची गोष्ट आहे काय? प्रश्न पुस्तकी वाटेल. पण सुरतेकडे पाहिले की तो पुस्तकी राहत नाही.

सुरत आपल्याला परकी नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात, तर दुसरा गुजरातेत आहे. याच वाटेने गेलेली खानदेशातील कितीतरी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत स्थिरावली. त्या शहराला आग नवी नाही. २४ एप्रिल १८३७ रोजी मच्छलीपीठात लागलेल्या आगीने नऊ हजारांहून अधिक घरे गिळली. आता महानगरपालिका आहे, बंब आहेत, प्रशिक्षित जवान आहेत. तरीही २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये, वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गापर्यंत आग पोहोचली. लाकडी जिना जळाला, बंबाच्या शिड्या तोकड्या पडल्या, मुलांनी वरून उड्या टाकल्या. बावीस जीव गेले; त्यांत बहुतेक विद्यार्थी. प्राचीन विद्यापीठाचे नाव मिरवणाऱ्या इमारतीत हे घडावे!

कायद्याने दोषी कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम. परंतु शाळा चालविणाऱ्या माझ्यासारख्याला दुसराच प्रश्न छळतो. मुलाचे नाव शिकवणीत घालताना आपण फी विचारतो, निकाल विचारतो. जिना बंद झाला तर मुले उतरणार कुठून, असे किती पालक विचारतात? ही सवय केवळ नियमांच्या कागदांनी लागत नाही. ती शिकविणारी जागा हवी, आणि ती जागा अग्निशमन केंद्रच का असू नये?

आज आपल्या मनात पोलीस ठाणे, इस्पितळ आणि अग्निशमन केंद्र हे एकाच माळेचे मणी आहेत. तिथली पायरी चढायची वेळ येऊ नये, एवढीच आपली प्रार्थना. त्यामुळे जे लोक आपल्यासाठी आगीत शिरतात, त्यांचे तोंडही आपण संकटाच्या दिवशीच पाहतो.

यावर कुणी म्हणेल, तिथे लोकांची वर्दळ झाली तर बंब निघणार कसे? आक्षेप खरा आहे, म्हणूनच उत्तर रचनेत शोधावे लागते. नव्या केंद्राचा आराखडा करताना बंबांचा दरवाजा थेट मोठ्या रस्त्यावर आणि सदैव मोकळा असावा. लोकांचे प्रवेशद्वार बाजूला, बंबाच्या वाटेला कुठेही न छेदणारे. मध्ये मोठी काच असावी, म्हणजे मुलांना बंब दिसतील, पण पायांत येणार नाहीत. शेजारी एक वर्गखोली असावी. तिथे अग्निशामक नळकांडे हाताळायला आणि धुरात जमिनीलगत सरपटत बाहेर पडायला शिकवावे. स्वागताला मर्यादाही हवी. अग्निशमन जवानांचे काम कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केले. म्हणून काजळीने माखलेले गणवेश धुण्याची जागा पाहुण्यांपासून आणि जवानांच्या झोपण्याच्या खोल्यांपासूनही दूर हवी. जवानांची विश्रांती हा काही प्रदर्शनाचा विषय नव्हे.

आणखी एक गोष्ट आपण द्विभाषिकांनी आग्रहाने मांडली पाहिजे. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. मग केंद्रातील सूचना गुजरातीबरोबर मराठीतही असाव्यात, हे मागणे अवाजवी नाही. गुजराती शेजारी ज्याला 'लायबंबो' म्हणतो, त्याला आपण आगीचा बंब म्हणतो. पण घाबरलेल्या माणसाला प्रथम आठवते ती आईची भाषा.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटांत सहासष्ट अग्निशमन जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्यांचे ऋण आपण श्रद्धांजलीने फेडू पाहतो. ते खऱ्या अर्थाने फेडायचे, तर त्यांच्या वारसदारांना विनाकारण आगीत शिरावे लागू नये, इतके तरी आपण शिकले पाहिजे. तक्षशिलेसारख्या इमारतीत धोका आगीच्या आधीपासून उभा असतो. तो ओळखायला शिकविणारे दार उघडे ठेवणे नगरपालिकेचे कर्तव्य आहे. मुलांचे बोट धरून त्या दारातून आत जाणे मात्र आपले.