पावणेदोन भागिले अर्धा

प्राथमिक शाळेतले गणित सोपे, म्हणून ते शिकवायला फारसे गणित यावे लागत नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती कोणी तोंडाने बोलूनही दाखवत नाही. ती व्यवस्थेतून दिसते. बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या डी.एल.एड. पदविकेला (गावोगावी तिला अजून डी.एड.च म्हणतात) कोणत्याही शाखेतून प्रवेश मिळतो. कला शाखेतून आलेल्या बहुतेकांचा गणिताशी संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपलेला असतो. पदविकेत गणित पुन्हा भेटते, पण 'गणित कसे शिकवावे' या वेशात: पाठ टाचण, शैक्षणिक साधने, उद्गामी आणि अवगामी पद्धती, मूल्यमापनाचे तक्ते. जे शिकवायचे ते गणित या मुलामुलींना येतच असणार, अखेर पाचवीपर्यंतचेच तर आहे, असे धरून चाललेले असते. हे धरून चालणे चूक आहे, असे माझे म्हणणे. भावी प्राथमिक शिक्षकाला महाविद्यालयात पहिली ते पाचवीचेच गणित, गणित म्हणून, पुन्हा शिकवायला हवे. त्याऐवजी कलनशास्त्र शिकवून भागणार नाही, आणि अध्यापनपद्धतीचा आणखी एक पेपर वाढवूनही भागणार नाही.

या चर्चेत एक पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही. ते लिपिंग मा यांचे, १९९९ साली अमेरिकेत निघालेले. मा मूळच्या शांघायच्या. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शहरी मुलांची खेड्यांत रवानगी झाली तेव्हा त्या एका खेड्यात शिक्षिका झाल्या, आणि पुढे अमेरिकेत संशोधक. त्यांनी २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांच्या मुलाखती शेजारी ठेवून पाहिल्या. विचारलेले एक गणित असे होते: पावणेदोन भागिले अर्धा किती, आणि या भागाकाराला लागू पडेल असे एक शाब्दिक उदाहरण तयार करा. गणित करून पाहणाऱ्या २१ अमेरिकी शिक्षकांपैकी ९ जणांचे उत्तर पूर्ण बरोबर आले. चिनी शिक्षकांत ७२ पैकी ७२. शाब्दिक उदाहरणापाशी तर दरी आणखी रुंद झाली. अमेरिकी शिक्षकांत अर्थाला धरून असलेले उदाहरण एकालाच जमले. अनेकांनी 'अर्ध्याने भागणे' म्हणजे 'दोघांत सारखे वाटणे' असे समजून प्रश्न रचले. चिनी शिक्षकांपैकी ६५ जणांना ते जमले. यातली मेख पुढेच आहे. अमेरिकी शिक्षक पदवीधर होते. चिनी शिक्षकांनी नववीपर्यंत शिकून मग दोन-तीन वर्षे अध्यापक विद्यालयात काढली होती. ज्यांनी कमी वर्षे शिक्षण घेतले त्यांना लहान मुलांचे गणित जास्त कळले होते.

हे गणित मराठी वाचकाला परके वाटायचे कारण नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेले. (त्यांचे गोडवे गाणाऱ्यांना बहुधा पाठांतराचे कौतुक असते, अपूर्णांकाचे नव्हे.) पावणेदोन लिटर दूध अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरायचे, तर पिशव्या किती? तीन पिशव्यांत दीड लिटर गेले, पाव लिटर उरले. इथे वर्गातली हुशार मुलेही 'सव्वातीन' म्हणतात, कारण उरले ते पावच आहे. पण प्रश्न पिशव्यांचा आहे, आणि पाव लिटर म्हणजे अर्धी पिशवी. उत्तर साडेतीन. उरलेल्या बाकीचे एकक बदलते ही गोष्ट ज्या शिक्षकाने स्वतः कधी नीट पाहिलेली नाही, तो 'सव्वातीन' म्हणणाऱ्या मुलाला काय सांगणार? तो सांगतो, दुसरा अपूर्णांक उलटा कर आणि गुण. आता उदाहरण बदलू. अर्धी भिंत रंगवायला पावणेदोन लिटर रंग लागला, तर पूर्ण भिंतीला किती? कोणीही चटकन दुप्पट करेल: साडेतीन लिटर. हाही पावणेदोन भागिले अर्धाच आहे, आणि अर्ध्याने भागणे म्हणजे दोनाने गुणणे का, हे इथे समोर उघडे पडते. पहिल्या उदाहरणात भागाकार म्हणजे 'किती वेळा मावते', दुसऱ्यात 'एका पूर्णाला किती'. भागाकाराचे हे दोन अर्थ, ते एकच उत्तर का देतात, आणि कोणत्या प्रश्नात कोणता अर्थ दडला आहे, हे शिकायला महाविद्यालयातला एक आठवडा सहज लागेल. हे पाचवीचे गणित आहे आणि ते सोपे नाही.

मुलाचे बोलणे समजून घ्यायलाही हेच ज्ञान लागते. याचा एक दाखला अमेरिकेतल्या मिशिगनमधला आहे. गणित शिक्षणाच्या संशोधक डेबोरा बॉल स्वतः तिसरीचा वर्ग शिकवत असत. तिथे एक मुलगा म्हणाला की सहा ही संख्या समही आहे आणि विषमही, कारण ती तीन जोड्यांची बनते आणि तीन विषम आहे. 'चूक' म्हणून पुढे जाणे हा सर्वांत जवळचा रस्ता. पण मुलाला एक खरी गोष्ट दिसली होती: २, ६, १०, १४ या संख्या जोड्यांत विभागल्या जातात, पण त्यांच्या जोड्यांची संख्या विषम असते. त्याने एका गटाला वेगळे ओळखले होते. फक्त त्याला जे नाव दिले ते आधीच दुसऱ्या गटाने घेतलेले होते. हे वर्गात, तासाच्या गडबडीत, चाळीस डोकी समोर असताना ओळखायचे तर व्याख्या म्हणजे काय, ती का लागते, ती बदलली तर काय बिघडते याची शिक्षकाला सवय असावी लागते. बालकेंद्री शिक्षणाचे आग्रही सांगतात की मुलाचे ऐका. पण त्या मुलाच्या बोलण्यात गणित कुठे आहे हे न कळणारा ऐकेल ते काय?

पहिला आक्षेप गणितज्ञांकडून येतो: मग गणितातले पदवीधरच नेमा, वरचे गणित आले की खालचे आपोआप येते. हा युक्तिवाद तपासून झाला आहे. शाळेच्या गणितात वरच्या गणिताच्या कल्पना आणू पाहणाऱ्या अमेरिकेतल्या 'नव्या गणिता'च्या चळवळीचे एक प्रमुख एडवर्ड बेगल यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले, आणि शिक्षकाने वरच्या गणिताचे किती अभ्यासक्रम केले याचा मुलांच्या प्रगतीशी म्हणावा तसा संबंध त्यांना सापडला नाही. नव्या गणिताच्या पुरस्कर्त्यानेच हे सांगावे याला वजन आहे. त्याआधी कितीतरी, १९०८ च्या सुमारास, जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी हीच तुटलेली साखळी दाखवली होती: विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा शाळेचे गणित विसरायला लावले जाते, आणि शिक्षक होऊन शाळेत परततो तेव्हा विद्यापीठाचे गणित उपयोगी पडत नाही. पदवीधराला तीन अंकी गुणाकार हातासरशी येतो, म्हणूनच दुसऱ्या ओळीत एक घर का सोडायचे हा प्रश्न त्याला पडत नाही. गुणकात दशकस्थानी चार असेल तर तिथे आपण चाराने नव्हे, चाळीसाने गुणत असतो, हे त्याच्या हाताला माहीत असते. त्याच्या तोंडून ते निघत नाही. शिक्षकाचे काम नेमके ते तोंडून काढण्याचे.

दुसरा आक्षेप अधिक मुद्देसूद आहे. मा यांचा नमुना लहान होता, दोन्ही देशांतले शिक्षक यादृच्छिक पद्धतीने निवडलेले नव्हते, आणि अशा तुलनेतून राष्ट्रांविषयी काही सिद्ध होत नाही. मान्य. पण पुरावा तेवढाच नाही. हेदर हिल, ब्रायन रोवन आणि बॉल यांनी २००५ साली अमेरिकेतल्या ११५ शाळांतल्या पहिली आणि तिसरीच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षकांना त्यांनी केवळ नेहमीचे गणित घातले नाही. मुलाच्या चुकीमागचे कारण ओळखा, ही अपरिचित रीत नेहमी चालेल का सांगा, असेही प्रश्न विचारले. या ज्ञानाचा मुलांच्या वर्षभरातल्या प्रगतीशी स्पष्ट संबंध दिसला, अगदी पहिलीतसुद्धा, जिथे शिकवायचे गणित सर्वांत कमी. अमेरिकी गणित संघटनांच्या संयुक्त मंडळाने २००१ साली भावी प्राथमिक शिक्षकांसाठी गणिताचे किमान ९ श्रेयांक सुचवले होते. २०१२ साली ते १२ केले. हे श्रेयांक स्थानमूल्य, चार क्रिया, अपूर्णांक, मापन यांसारख्या प्राथमिक गणिताचेच. कलनाचा त्यांत समावेश नाही.

भीतीचा मुद्दा राहतो. प्राथमिक शिक्षणाकडे येणाऱ्या अनेकांना गणिताची धास्ती असते, आणि अवघड अभ्यासक्रम ठेवला तर तेही येणार नाहीत, असे म्हणतात. पण ही धास्ती शिक्षकाबरोबर वर्गात जाते आणि तिथे राहत नाही, पसरते. सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पहिली-दुसरीच्या शिक्षिकांवर केलेल्या अभ्यासात, शिक्षिकेची गणिताची भीती जितकी जास्त, तितके वर्षअखेरीस तिच्या वर्गातल्या मुलींचे गणित मागे पडलेले दिसले. मुलांवर तसा परिणाम आढळला नाही. केवळ शिक्षिकेकडे नव्हे, भीतीच्या मुळाकडेही बघायला हवे. भीती बसते ती बहुधा कारण न सांगता लादलेल्या रीतींमुळे. कारणे सांगणारा अभ्यासक्रम ती वाढवेल असे मानायला मला आधार दिसत नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अडचणीचा ठरणारा पुरावा मात्र मा यांच्याच पुस्तकात आहे. चिनी शिक्षकांनी हे खोल ज्ञान अध्यापक विद्यालयात मिळवले नव्हते. तिथे त्यांना पाया मिळाला. बाकीचे नोकरीत, एकत्र बसून पाठ्यपुस्तकाची ओळ न् ओळ चर्चून आले. मग महाविद्यालयीन अभ्यासक्रमाची एवढी मातब्बरी कशाला? याचे उत्तर असे की चर्चा करायला आधी चर्चेची भाषा लागते, आणि ती पायातूनच येते. महाराष्ट्रात केंद्रशाळेच्या पातळीवर शिक्षण परिषदा भरतात. म्हणजे जागा आपल्याकडेही आहे. पण त्यांचा वेळ बरेचदा परिपत्रके आणि माहितीचे रकाने खाऊन टाकतात. निवडणूक, जनगणना, पोषण आहार यांच्या ओझ्याखाली शिक्षक दबला आहे ही तक्रार खरी आहे, आणि कोणताही अभ्यासक्रम ते ओझे उतरवणार नाही. पण ते उद्या उतरले तरी मोकळ्या झालेल्या तासात काय बोलायचे हा प्रश्न उरेलच. आणि बोलण्याजोगे पुष्कळ आहे: 'असर' या शैक्षणिक स्थितीच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले.

असा अभ्यासक्रम अमेरिकेतून उचलून आणता येणार नाही, हेही सांगायला हवे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या संख्यावाचनावरून जे वादळ उठले ते आठवा. सत्तावीस ही संख्या 'वीस सात' अशीही वाचता येईल असे पुस्तकाने सुचवले, आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांच्यावर भाषा बुडवल्याचे आरोप झाले. बदल योग्य होता की नाही यावर मतभेद असू शकतात. मला स्वतःला तो बोलीत रुजणे कठीण वाटते. पण अडचण खरी होती. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर, लिहिताना उलट. एकोणतीस म्हणताना कानावर तीस पडते, कागदावर दोन आणि नऊ उमटतात. एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते, मग अचानक नव्याण्णव. सहा वर्षांच्या मुलाने ९२ च्या जागी २९ लिहिले तर तो निष्काळजीपणा असेलच असे नाही. आपल्या शिक्षकांच्या अभ्यासक्रमात याला एक प्रकरण हवे, कोणत्याही इंग्रजी पुस्तकात ते सापडणार नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'दशक सुटा करणे' हा शब्दप्रयोग आहे, आणि मा यांच्या चिनी शिक्षकांनाही 'उसने घेणे' यापेक्षा याच अर्थाची भाषा जवळची होती. आपल्या हाताशी असलेल्या या चांगल्या गोष्टींचाही त्या प्रकरणात हिशेब व्हावा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान अर्हता व्हायची आहे. त्यासाठीचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आता आकार घेत आहेत. गणिताच्या अभ्यासमंडळांना विनंती एवढीच, की प्राथमिक गणिताचा हा भाग आपल्या इभ्रतीला कमी समजून शिक्षणशास्त्र विभागाकडे ढकलू नये. तो आपल्यातल्या सर्वांत जाणत्या प्राध्यापकाकडे द्यावा, आणि त्याच्या जोडीला जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षे पहिली-दुसरी शिकवलेली शिक्षिका, बरोबरीच्या मानधनावर, नेमावी.