ताईपुढे कागद ठेवू नकोस

वसमत

चि. बाळास,


स्टॉकहोमातली थंडी अजून हटली नाही म्हणतोस. कान झाकत जा. रात्रीच्याला नुसत्या ब्रेडवर भागवू नकोस, वरणभाताचा कुकर लावायला कितीसा वेळ लागतो? इकडे हळदीची काढणी उरकली. कुरुंद्याकडच्या रानातली शिजवून झाली, आता वाळत घातली आहे. औंदा पूर्णेच्या कालव्याला पाणी वेळेवर सुटलं, त्यामुळं गड्डे चांगले पोसले. तुझी आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण रानात चक्कर मारल्याशिवाय तिला करमत नाही.

मागच्या खेपेला तू राजवाड्यासमोरचा फोटो धाडलास आणि तिथल्या राजपुत्राची गोष्ट सांगितलीस, ती डोक्यातून जाईना. मग मी आपली शोधून शोधून वाचत बसले. कार्ल फिलिप 1979 च्या मे महिन्यात जन्मला तो युवराज म्हणूनच. थोरली बहीण व्हिक्टोरिया तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. पण 1 जानेवारी 1980 पासून कायदा बदलला, पहिलं अपत्य तेच वारस, मुलगा असो की मुलगी. पाळण्यातल्या पोराचं युवराजपद गेलं. बापाला, म्हणजे राजाला, ते रुचलं नव्हतं. दिलेलं पद परत काढून घेणं त्याला बरं वाटेना, आणि ते त्यानं बोलूनही दाखवलं. पण ठरवणार संसद.

गंमत बघ, या राजाला स्वतःला चार थोरल्या बहिणी. बाप विमान अपघातात गेला तेव्हा हा वर्षाचाही नव्हता. तरी गादीकडं जाणारी वाट याचीच, कारण जुन्या कायद्यात बहिणी धरल्याच नव्हत्या. त्या चौघींना कुणी विचारलं असेल का रे? आणि तो कार्ल फिलिप काही उघड्यावर पडला नाही. मोटारींच्या शर्यतीत उतरला, डिझाईन शिकला, त्याचा संसारही नीट चालला आहे.

आता मुद्द्यावर येते. माझा दादा, तुझा बाप, गेल्यापासून वारस नोंदीचं काम रखडलंय. तू उन्हाळ्यात येणार म्हटल्यावर भावकीतले दोघे-तिघे घरी येऊन गेले. म्हणे, पोरगा आला की ताईकडून हक्कसोड करून घ्या, सातबारा एका नावावर राहिला की बरं पडतं, पोरीला साडीचोळी आहेच की. तुझी आई गप्प बसली. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

बाळा, ताई नाही म्हणणार नाही. तू कागद पुढं केलास की ती हसत सही करेल, वर तुलाच चहा करून देईल. आपल्याकडच्या पोरींना लहानपणापासून एकच धाक असतो, हिस्सा मागितला की माहेर तुटतं. रानापेक्षा दिवाळीची ओवाळणी आणि आईच्या हातची भाकर त्यांना मोठी वाटते. म्हणून तिच्या होकारावर जाऊ नकोस. जिला नाही म्हणता येत नाही, तिला विचारायचंच नसतं.

कायद्यानं तर हे कधीच मिटवलंय. महाराष्ट्रानं 1994 मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, 2005 मध्ये तो देशभर झाला. आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो. म्हणजे ताईला तू काही देणार नाहीस. तिचं आहे ते घ्यायचं नाही, एवढंच तुला करायचंय.

वारसांच्या भांडणाचं म्हणशील तर लांब कशाला जायचं? आपला हा मुलूख निजामाचा होता. उस्मान अली खानानं पोटच्या थोरल्या मुलाला बाजूला सारून नातवाला, मुकर्रम जाहला, वारस केलं. 1967 मध्ये गादीवर बसला तो नावालाच, राज्य 1948 मध्येच गेलेलं. वाट्याला आले दावे आणि वाटेकरी. शेवटी सगळं टाकून तो ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या रानावर जाऊन राहिला आणि 2023 मध्ये इस्तंबूलला वारला. 1948 मध्ये निजामाचे दहा लाख पौंड लंडनच्या बँकेत अडकले, त्याचा निकाल लागायला 2019 उजाडलं. तोवर रक्कम साडेतीन कोटींवर गेली होती, पण ज्याचे पैसे तो कधीच मातीआड झालेला. एवढ्या दौलतीची ही गत, तर आपल्या रानाच्या तुकड्यापायी बहीण-भावात अढी कशाला?

तू शहाणा आहेस, तुझ्या मनात काळं नाही, हे मला ठाऊक आहे. पण गावात आलं की चार माणसं कानाशी लागतात आणि माणूस 'रीतच आहे' म्हणून मान डोलावतो. त्या वेळी माझं पत्र आठव. तलाठ्याकडं जाशील तेव्हा आई, ताई आणि तू, तिघांची नावं लावून ये. भावकीतलं कुणी काही बोललं तर माझ्याकडं पाठवून दे, मी बघते त्यांच्याकडं.

पुढंमागं ताईला वाटलं तर ती तिच्या मर्जीनं तुला कसायला देईल, नाहीतर स्वतः हळद लावील. ते तिचं ती ठरवील. तू विषयसुद्धा काढू नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. तिकीट काढलंस की आधी ताईला कळव, मग मला. ती सुट्टी टाकून येणार म्हणते. आणि येताना चॉकलेटं आणू नकोस, तुझ्या आईला साखर निघाली आहे.