खोट्याची किंमत कोण मोजतो?

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायर परगण्यात ब्यूली नावाची जुनी जागीर आहे. आज लोक तिथे मोटारींचे संग्रहालय पाहायला जातात. शेजारीच १२०४ साली स्थापन झालेल्या मठाचे भग्न अवशेष आहेत. तिथल्या भिंतीवर एक स्मृतिफलक आहे. दुसऱ्या महायुद्धात या जागिरीतल्या विखुरलेल्या घरांत ३,०००हून अधिक गुप्तहेर तयार झाले, त्यांची ती आठवण. जिथे साधूंनी इबादत केली, त्याच आवारात खोटे बोलण्याची शाळा भरली! खोटे नाव, खोटे गाव, खोटा धंदा पाठ करायचा. मध्यरात्री जर्मन गणवेशातल्या माणसांनी झोपेतून उठवून दरडावले, तरी अडखळायचे नाही. मग आपण मुलांना 'नेहमी खरे बोला' असे शिकवतो, त्याचे काय?

१९४३ साली नूर इनायत खान इथे शिकली. तिचे वालिद, सूफी हजरत इनायत खान, १८८२ साली गायकवाडांच्या बडोद्यात जन्मले. नूरला दुटप्पीपणा जमेना. ही मुलगी या कामाची नाही, असा शेरा तिच्यावर पडला. तरीही वायरलेस चालवण्यासाठी जूनमध्ये तिला फ्रान्समध्ये उतरवण्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली. तिच्या वहीतल्या नोंदींचा वापर करून जर्मनांनी लंडनला फसवले. त्यात इतर हेरांचे जीव गेले. म्हणजे नुसती नेक नीयत पुरत नाही. पण चौकशीत तिने साथीदारांची नावे दिली नाहीत. महिनोन्‌महिने साखळदंडात राहून १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत ती मारली गेली. वय अवघे तीस.

याच शाळेत सुरुवातीला किम फिल्बी शिकवत असे. तो मुळात सोविएत हेर! वर्षानुवर्षे त्याने जिवलग मित्रांना फसवले. १९६३ साली तो मॉस्कोला पळाला आणि १९८८ साली तिथेच वारला. विद्या तीच, शाळा तीच. माणसे मात्र दोन.

शेख सादींच्या 'गुलिस्तान'मधल्या पहिल्याच हिकायतीत एका कैद्याचा जीव वाचवणारे खोटे बादशहाला घातक सत्यापेक्षा पसंत पडते. आपण ती हिकायत सोयीने वापरतो. दुकानदाराचीही मस्लहत असते, पुढाऱ्याचीही असते. फरक मस्लहत या शब्दात नाही, हिशेबात आहे. फिल्बीच्या खोट्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. नूरने साथीदारांना वाचवण्यासाठी सत्य दडवले आणि त्याची किंमत स्वतः मोजली.

उद्या वर्गात एखाद्या मुलाने विचारले, "सर, मस्लहतीसाठी खोटे चालते का?" तर 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी त्यालाच विचारावे : बेटा, त्या खोट्याने वाचणार कोण आणि भोगणार कोण?