बारा नव्हे, सव्वीस

चहा राहू दे. आधी हे बघ.

ही तुझ्या फौंड्रीतल्या एका कामगाराच्या पगाराची सहा पाकिटं. एप्रिल ते सप्टेंबर. प्रत्येकावर तुझ्या कारकुनाच्या अक्षरात लिहिलंय: हजेरी 26, पगार 15,000, ईएसआय वजा 113. आणि हा त्याच माणसाच्या ईएसआय खात्याचा उतारा, परवा मुलीच्या मोबाइलवरून काढून आणलेला. एप्रिल 12 दिवस. मे 12 दिवस. जून 12. सप्टेंबरपर्यंत बारा, बारा, बारा. पगार 6,923, कामगाराची वर्गणी 52. बेळगावच्या उद्यमबागेत तुझ्या भट्टीसमोर तो महिन्याचे सव्वीस दिवस उभा होता. उरलेले चौदा दिवस कुठं गेले?

बुक-कीपिंग मी शिकवलं तुला. वहीत चुकलं तर खोडायचं नाही, लाल शाईनं दुरुस्त करून खाली सही करायची, हे वर्गात सगळ्यांत आधी तुला कळलं होतं. म्हणून तुझी चूक झाली असं मला म्हणता येत नाही. चूक एखाद्या महिन्यात होते. सहा महिने तोच आकडा चुकून पडत नाही.

आता हिशेब मांडतो, खाली मान घालू नकोस. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वर्गणी पगाराच्या 4 टक्के. मालकाची सव्वातीन, कामगाराची पाऊण टक्का. 2019 च्या जुलैपर्यंत हीच साडेसहा टक्के होती. सरकारनं तुमचा बोजा हलका केला, तरी तुझा हात आखडलेलाच. बारा दिवस दाखवून तू तुझ्या हिश्शातले महिन्याला 262 रुपये वाचवलेस. आणि त्याच्याकडून 113 कापून 52 च भरलेस. मधले 61 रुपये कुणाचे? 1948 च्या ईएसआय कायद्यानंच सांगून ठेवलंय की मजुरीतून कापलेली वर्गणी ही कामगारानं मालकाकडे विश्वासानं सोपवलेली रक्कम मानायची. ती ठेव होती. ती तू खाल्लीस. रक्कम लहान आहे म्हणून दुसरा शब्द वापरणार नाही मी.

सहा महिन्यांत तुझी एकूण बचत दोन हजारसुद्धा नाही. आता त्याचं काय गेलं ते ऐक.

दसऱ्याला भट्टीची पूजा करून पेढे वाटलेस आणि पुढच्या सोमवारी ‘ऑर्डरी नाहीत’ म्हणून त्याला घरी पाठवलंस. मंदी आहे, मान्य. पण काम सुटलेल्या माणसासाठी ईएसआयमध्ये एक सोय आहे, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. 2018 च्या जुलैत सुरू झाली. आधी सरासरी मजुरीच्या पाव भत्ता मिळायचा, 2020 साली कोरोनात तो वाढून मजुरीच्या निम्मा झाला आणि पुढं त्याची मुदत वाढत गेली. नव्वद दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदाच. अट काय? दोन वर्षं विम्याची नोकरी, आणि काम सुटण्याआधीच्या लगतच्या सहामाहीत निदान 78 दिवसांची वर्गणी. त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीतही 78.

बारा सक किती?

बहात्तर. सहा दिवस कमी पडले. अकरा वर्षं तुझ्याकडे मोल्डिंग केलेल्या माणसाचे सहा दिवस कमी पडले. खरे दिवस दाखवले असतेस तर त्याला नव्वद दिवसांचे सुमारे 22 हजार मिळाले असते. आणि ते तुझ्या खिशातून जाणार नव्हते रे! ईएसआय महामंडळ देणार होतं. तुझे दोन हजार वाचावेत म्हणून त्याचे 22 हजार बुडाले. आजारपणाचा भत्ताही त्याच 78 दिवसांवर मिळतो. जानेवारी ते जून तो अंथरुणाला खिळला, तर तिथंही हेच बहात्तर आडवे येतील.

‘सर, ते सगळं कन्सल्टंट बघतो’ म्हणू नकोस. आकडा कन्सल्टंट भरतो, हजेरी तू देतोस. ‘पोर्टल इंग्रजीत आहे’ हेही नको. बँकेचं कर्ज घेताना इंग्रजी अडलं नव्हतं. ‘सगळेच असं करतात’ हे तर दहावीच्या पोरानंसुद्धा बोलू नये. आणि ‘कामगारच म्हणतात कापू नका, हातात द्या’, हे खरं आहे, मी ऐकलंय. पण त्या पाऊण टक्क्यात काय काय बांधलेलं आहे हे त्यांना कधी सांगितलंस? खानापूरकडून पहाटेची बस धरून येणाऱ्या माणसानं हे कुणाकडून शिकायचं?

खरा पगार कळवणं हा काही फक्त तुझ्यावरचा जाच नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं 1932 सालीच बेकारी विम्याचा कायदा केला. तिथं मालकाला दर तिमाहीला कामगारागणिक पगार कळवावा लागतो, आणि जो जास्त माणसं काढतो त्याचा कराचा दर चढतो. आपल्याकडे माणसं काढली म्हणून तुझा दर वाढत नाही. तुझ्याकडून मागितलंय एवढंच, की दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत खरा आकडा लिही. आपल्या देशासाठी ही आरोग्य विम्याची योजना आखून 1944 साली अहवाल देणारे प्रा. बी. पी. आडारकर. डॉ. आंबेडकर तेव्हा मजूर खातं सांभाळत होते. एवढ्या मोठ्या माणसांनी उभं केलेलं काम तू एका बाराच्या आकड्यानं पोकळ केलंस.

मला एवढं का लागतं, तेही सांगतो. माझी आई निपाणीत विड्या वळायची. मांडीवर सूप, पुढ्यात ओली पानं. हजार विड्या दिल्या की ठेकेदार कार्डावर आठशे लिहायचा, दोनशे छाट म्हणून बाजूला आणि त्याही घेऊन जायचा. आईला वाचता येत नव्हतं. ती विडी बांधायच्या दोऱ्याला हजारामागं एक गाठ मारून ठेवायची. विडी कामगारांचा कायदा 1966 ला झाला, भविष्यनिधी 1977 ला लागू झाला, तेव्हा मालक म्हणाला, ‘या बायका आमच्या कामगारच नाहीत, आम्ही तयार विड्या विकत घेतो.’ आई गाठींचा दोरा घेऊन गेली होती. गाठी कोण वाचणार? आता दोऱ्याची जागा उताऱ्यानं घेतलीय. आणि त्यात खोट्या गाठी मारणारा निघाला माझाच विद्यार्थी.

सीमाभागातल्या 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत दंडाला काळी पट्टी बांधून तू पुढं असतोस. 1956 पासून आपण म्हणतोय, आमचं म्हणणं दप्तरात खरं नोंदवा. मग तुझ्या दप्तरात तुझ्याच माणसाचं खरं का नोंदवलं नाहीस? तोही मराठीच बोलतो. कन्नड बोलत असता तरी मी हेच म्हणालो असतो.

आता काय करायचं ते लिहून घे. पाकिटं आणि मूळ हजेरीपट घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः जा, कन्सल्टंटला पाठवू नकोस. दिवस कमी दाखवले असं लेखी दे. राहिलेली वर्गणी 12 टक्के व्याजासह भर, दंड होईल तोही भर. त्याच्या अर्जाचं काय करायचं ते कार्यालय ठरवेल. त्यांनी नाकारला तर ते 22 हजार तुझ्याकडून द्यायचे. बाकीच्या कामगारांचे उतारेही काढ. बारा फक्त याच्याच नावावर असेल असं मला वाटत नाही.

पंधरा तारखेला संध्याकाळी चलन घेऊन ये, त्यालाही सोबत आण. मी काही बोलणार नाही. त्याच्यासमोर बसून तू मोठ्यानं वाचायचंस: दिवस किती, पगार किती, कापले किती, भरले किती. त्यानं मान हलवली, की मग चहा.