फांदीचा पत्ता

आमरी, म्हणजेच ऑर्किड, जोपासणारी मंडळी एकत्र जमली की तेथे रोपांपेक्षा सल्ल्यांची देवघेव अधिक होते. बेळगावात आमचाही असा एक लहानसा गोतावळा आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी कुणाच्या तरी अंगणात बैठक भरते, चहा होतो आणि मग प्रश्न सुरू होतात. मुळे काळी का पडली? पाने हिरवीगार आहेत, पण फूल का नाही? उत्तरे देणाऱ्यांची वाण नसते. कुणी सांगतो, कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरा, माती मुळीच नको. कुणी सांगतो, पाणी सकाळीच द्यावे आणि पानांच्या बेचक्यात साचू देऊ नये. मुळांवरचे रुपेरी आवरण पाणी मिळताच हिरवट दिसू लागते, ते पुन्हा रुपेरी झाल्यावरच पुढचे पाणी. आमची बहुतेक रोपे तहानेने नव्हे तर अति मायेने मेली, ही कबुली येथे कुणीही संकोच न करता देतो.

या देवघेवीत देणाऱ्याचे काही कमी होत नाही. विद्या दिल्याने वाढते, हे आपण लहानपणी सुभाषितांतून शिकलो, आणि त्याचा प्रत्यय येथे पदोपदी येतो. पथ्य एकच, सांगणाऱ्याने अनुभवाबरोबर आपली हवा, आपले ऊनही सांगावे. पणजीच्या दमट हवेत जमलेला पाण्याचा हिशेब ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात जसाच्या तसा लावला तर रोप वाळेल, आणि ग्वाल्हेरचा हिशेब पणजीत लावला तर ते कुजेल. खरा अनुभवसुद्धा अर्धाच सांगितला तर ऐकणाऱ्याच्या दारी खोटा ठरतो. एवढे सांभाळले की सल्ला देण्यात नैतिक पेच असा काही उरत नाही, असे आम्ही पुष्कळ वर्षे मानत होतो.

तो समज एका प्रसंगाने गेला. काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, चोर्ल्याच्या वाटेवरील एका जुन्या जांभळीवर आम्हाला सीतेची वेणी फुललेली दिसली. आडव्या फांदीवर चार-पाच रोपे, आणि प्रत्येकाला पांढऱ्या-जांभळट फुलांचा लोंबता घोस. पुढच्या बैठकीत आम्ही त्याचे वर्णन मोठ्या उत्साहाने केले. नव्याने येऊ लागलेल्या एका गृहस्थांनी नम्रपणे विचारले, "हे झाड नेमके कुठे आहे?" आम्ही वळण सांगितले, ओढा सांगितला, झाडही सांगितले. दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा फांदी रिकामी होती. मुळे जेथे घट्ट चिकटलेली होती तेथे साल खरवडल्याच्या खुणा होत्या. ती रोपे त्या गृहस्थांनीच नेली, असे म्हणण्यास आमच्याजवळ कसलाही पुरावा नाही. पत्ता आम्ही सांगितला होता, एवढे मात्र निश्चित.

तेव्हापासून प्रश्न मनात आहे. मागितलेले ज्ञान नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? आणि असेल, तर तो कोणत्या आधारावर?

प्रथम हानीचे स्वरूप पाहावे. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. एका बोंडात ती लक्षावधी असू शकतात. पण इतर बियांसारखी अन्नाची शिदोरी त्यांच्यात नसते. विशिष्ट बुरशीची साथ लाभली तरच ती रुजतात, हे नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये ओळखले. रानात त्यांतील अगदी विरळाच रोप होते आणि त्याला फूल येण्यास वर्षे जातात. म्हणून फांदीवरून रोप ओरबाडणे हे फूल खुडण्यासारखे नव्हे. "बांडगूळच ते, काढले तर झाडाला बरेच," असे समर्थन पुष्कळदा ऐकू येते. ते साफ चुकीचे आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी फांदीचा केवळ आधार घेते आणि आपले अन्न आपण तयार करते.

पत्ता सांगण्याचा परिणाम किती दूर जातो, याची एक जुनी नोंद आहे. जोसेफ डाल्टन हूकर १८५० मध्ये खासी टेकड्यांत निळ्या वांडाच्या शोधात हिंडले. आपला हा वृत्तांत त्यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिमालयीन प्रवासवर्णनात दिला आहे. इंग्लंडातील क्यू उद्यानासाठी त्यांनी सात माणसांच्या ओझ्याइतकी रोपे गोळा केली. त्यांतली फार थोडी तेथे जिवंत पोहोचली. एका सद्गृहस्थाने ठिकाण पाहून घेण्यासाठी आपला माळी त्यांच्याबरोबर धाडला होता. त्या सद्गृहस्थाने पाठविलेले एकाच माणसाचे ओझे, वाईट स्थितीत पोहोचूनही, ३०० पौंडांना विकले गेले. शिवाय खासी टेकड्यांतील आमरी विकून एखादा उद्योगी माणूस एका हंगामात दोन-तीन हजार पौंड सहज मिळवू शकेल, असेही हूकरांनी नोंदवले. त्यांचा हेतू शास्त्राचा होता, याबद्दल शंका नाही. पण माळ्याला ठिकाण कळले आणि वाचकांना भाव कळला. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने ज्या मोजक्या वनस्पतींना संरक्षण मिळाले, त्यांत निळा वांडा घालावा लागला.

म्हणजे विद्या दिल्याने वाढते हे खरे असले तरी सर्वच माहिती विद्या नसते. पाणी कसे द्यावे हे शंभरांना सांगितले तर शंभर रोपे जगतात. फांदी कोठे आहे हे शंभरांना सांगितले तर फांदीच रिकामी होते. पहिले ज्ञान दीपासारखे आहे, दुसरे विहिरीतल्या पाण्यासारखे. दोहोंना एकच नियम लावणे ही आमची चूक होती.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. मौन नेहमीच सात्त्विक असते असे नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय व्यापाऱ्यांचे संग्राहकही ठिकाणे लपवीत, प्रसंगी खोटी सांगत. प्रतिस्पर्ध्याने तेथे पोहोचू नये आणि आपला माल महाग राहावा, म्हणून. आज नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध करताना कित्येक अभ्यासक नेमके ठिकाण मुद्दाम वगळतात, ते रोप वाचावे म्हणून. बाहेरून पाहता दोन्ही मौने सारखीच दिसतात. मग फरक कसा ओळखावा? आम्हाला एकच कसोटी सुचते. लपवणारा स्वतः तेथून काही उचलतो काय? जो रिकाम्या हाताने परततो, त्याच्या मौनाला अधिकार आहे. जो दुसऱ्याला पत्ता न देता स्वतः पिशवी भरून आणतो, त्याचे मौन ही निव्वळ मक्तेदारी होय. ही कसोटी लावताच आम्हाला मान खाली घालावी लागते, कारण आमच्या अंगणातील जुन्या रोपांपैकी दोन, तरुणपणी आम्हीच रानातून आणलेली आहेत.

आणखी एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. ज्या झाडाची कुणालाच माहिती नाही, ते रस्तारुंदीकरणात पडले तर हळहळणाराही कुणी नसतो. तेव्हा मौन संपूर्ण असू नये. जो त्या जागेविषयी उत्तरदायी आहे, मग तो वनखात्यातील अधिकारी असो, अभ्यासक असो वा त्या रानाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहणारा गावकरी असो, त्याला सांगणे कर्तव्यच ठरते. प्रश्न पात्रतेचा आहे, आणि पात्रता पदवीने वा जुन्या ओळखीने ठरत नाही; जागा राखण्याची जबाबदारी कोण घेतो, यावर ती ठरते.

नकार देणाऱ्यावरही एक ऋण येते. विचारणाऱ्याची ओढ खोटी नसते. तोंडावर दार लावल्याने ती मरत नाही, फक्त दुसरी वाट शोधते. लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर, बुरशीच्या साथीवाचून आमरीचे बी रुजवण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढलेली रोपे मिळण्याचा मार्ग खुला झाला. डेंड्रोबियमच्या जुन्या खोडांवर तर पिल्ले आपोआप फुटतात. ज्याने ठिकाण झाकले त्याने रोप द्यावे, निदान रोप सन्मार्गाने कोठे मिळेल ते सांगावे. आणि जगवण्याची रीत तर हातचे न राखता सांगावी.

आता आमच्या बैठकीत पत्ता विचारला गेला, तर आम्ही थाप मारत नाही. "ठाऊक आहे, पण सांगणार नाही," असे सरळ म्हणतो आणि जांभळीची हकीकत सांगतो. कुणाला ते लागते, कुणी पुन्हा येत नाही. येणाऱ्याच्या हाती जाताना एक पिल्लू ठेवतो. चोर्ल्याच्या वाटेने जाताना अजूनही त्या वळणावर थांबणे होते. फांदी तशीच आहे. तिच्यावर अद्याप काही रुजलेले नाही.