दगड झालेलं झाड

बसा.

सिरोंच्याजवळचं वडधमचं जीवाश्म उद्यान. समोर एक ओंडका आडवा पडलाय. लाकूडच वाटतो.

हात लावून बघा. उन्हानं तापलेला. कठीण. दगड आहे हा.

श्वास घ्या. सोडा.

हे झाड ज्युरासिक काळातलं, 15 कोटी वर्षांच्याही आधीचं. कधीतरी गाळाखाली गेलं. गाळातल्या पाण्याबरोबर सिलिका कणाकणानं आत झिरपली. लाकूड विरत गेलं, तिथे तिथे ती भरत गेली. तंतूंच्या रेषा मात्र जिथल्या तिथे राहिल्या.

त्यातल्या एका रेषेवर बोट ठेवा. रेष जाईल तसं जाऊ द्या.

बोट थांबलं? थांबू द्या.

इथे मला दुसरी काही मेलेली झाडं आठवतात. 2021 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये शिल्पकार माया लिन यांनी 49 मेलेली सीडरची झाडं उभी केली होती. जमिनीत खारं पाणी शिरून वाळलेली झाडं. ‘घोस्ट फॉरेस्ट’ हे त्या मांडणशिल्पाचं नाव. माणसाच्या धास्तीला त्यांनी भर शहरात उभं राहायला जागा दिली, असं मला वाटतं.

वडधमचं झाड कुणाला काही सांगायला उभं नाही. ते आडवंच आहे.

त्याच्याकडे बघत राहा.

आता आत ऐका. काय धडधडतंय?

इथल्या नदीकाठावर माणसाची धास्ती पुष्कळदा पाण्याची असते. आषाढात प्राणहिता चढते, गोदावरी फुगते. 2019 पासून गोदावरीवर मेडीगड्डाचा बंधारा आहे. 2022 च्या जुलैतला पूर अजून कुणी विसरलेलं नाही. रात्री पाणी कुठवर आलं, हे काठावरचा शेतकरी कानानं मोजतो.

तुमची धास्ती वेगळी असेल. हप्त्याची. लेकराच्या तापाची.

मनातच तिचं नाव घ्या. या दगडाशेजारी ठेवा.

ती लहान होत नाही. 15 कोटी वर्षांशेजारी ठेवला तरी हप्ता तेवढाच राहतो. लहान व्हायची घाई तिला नको. तुम्हालाही नको.

श्वास घ्या. सोडा.

या झाडावरचा गाळही पाण्यानंच आणलेला.

पुन्हा बोट ठेवा. या वेळी दुसरी रेष. ती तुटते तिथे थांबा. मग पुढची.

अजून बसायचं असेल तर सावलीकडे सरका. ऊन चढतंय.